चाललेलं परत खायचं का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. छापण्यासाठी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



कमिटीने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. सी विंगमध्ये दोन डॉक्टर राहतात. त्यांना सोडून बँकेतून रिटायर झालेल्या माणसाने आरोग्यावर काय बोलायचं? तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, डॉक्टर बोलायला लागले की लोक डुलक्या काढतात. तुम्ही तुमची ती चक्कर सांगा." ती चक्कर म्हणजे कोणती, हे अर्ध्या हॉलला माहीत आहे. गेटवर मला खुर्चीत बसवायला तुमच्यापैकीच चार जण धावले होते. तेव्हा आज ती सांगतोच, पण तिच्या आधीचा आणि नंतरचा हिशोबही सांगतो, कारण नुसती चक्कर सांगून उपयोग नाही.

प्रश्न एकच आहे आणि तो आपल्या बागेतल्या बाकावर रोज सकाळी निघतो. वजन कमी करायचं म्हणून माणूस चालतो. चालून काही कॅलरी खर्च होतात. तेवढं मग परत खायचं की नाही? एक पक्ष म्हणतो, "खाल्लंच पाहिजे, नाहीतर अंगात राहील काय?" दुसरा म्हणतो, "खायचंच होतं तर चाललात कशाला?" दीक्षितांचं दोन वेळा जेवण की दिवेकरांचं थोडं थोडं खाणं, हा वाद मी इथे काढत नाही. त्यावरून बाकावरच्या दोन मैत्री तुटता तुटता राहिल्या आहेत.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आपण राहायला आलो तेव्हा लिफ्ट चालू व्हायला सात महिने लागले. मी चौथ्या मजल्यावर. दूध, भाजी, गॅस सिलिंडर, सगळं जिन्याने. आपल्याला वाटायचं, केवढा हा व्यायाम! परवा मी सहज हिशोब मांडला. चार मजले म्हणजे साधारण बारा मीटर. पंचाहत्तर किलोचा माणूस तेवढं चढला तर त्याच्या दहाएक कॅलरी जास्तीच्या खर्च होतात. आणि एक ग्लुकोज बिस्किट असतं साधारण २५ कॅलरींचं. म्हणजे एका बिस्किटासाठी अडीच वेळा चौथा मजला. मी तर वर पोचलो की चहाबरोबर चार बिस्किटं खायचो, दमलोय म्हणून.

आता माझी गोष्ट. सत्तरी ओलांडली आणि शुगर निघाली. एचबीएवनसी ८.१, वजन ८४ किलो, उंची पाच फूट सहा इंच. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, एक मेटफॉर्मिन आणि एक ग्लिमेपिराइड, आणि सांगितलं की सहा-सात किलो उतरवा. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला १६०० कॅलरींचा तक्ता लिहून दिला. मुलाने बंगळुरूहून मनगटावरचं घड्याळ पाठवलं. पावलं मोजतं, ठोके मोजतं, आणि चालून आलो की कॅलरी दाखवतं. तासभर चाललो की आकडा यायचा ४१०.

मी आयुष्यभर आकड्यांवर पोट भरलेला माणूस. ४१० जमा म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच खर्चाची बाजू उघडली. चालणं संपलं की आम्ही पाच-सहा जण कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसायचो. इडली-वडा सांबार, वर साखरेचा चहा. चारशेच्या घरात जातं ते. शिल्लक दहा! मी मित्रांना अभिमानाने सांगायचो की नाश्ता मी फुकट खातो. आणि मग घरी येऊन तक्त्यातला नाश्ताही करायचो, कारण तो तक्त्यात होता.

चार महिन्यांनी वजन केलं. साडेपंच्याऐंशी. म्हणजे उतरायचं सोडून दीड किलो चढलं. आधी मी काटा बदलून पाहिला. बँकेतही टॅली होत नसलं की पहिला संशय मशीनवरच घेतात. काटा बरोबर होता. मग मात्र मी वही घेऊन बसलो, जसे आम्ही पूर्वी रात्री उशिरापर्यंत फरक शोधत बसायचो तसा. फरक एका जागी नव्हता, तीन-चार जागी सापडला.

पहिली चूक घड्याळाची. शास्त्रज्ञांचं एक ढोबळ माप आहे. माणूस स्वस्थ बसला असला तरी वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी वापरतो. मध्यम चालीने सपाटीवर चालला तर त्याच्या साडेतीन पट. माझं वजन ८४, म्हणजे तासाचे झाले २९४. घड्याळ सांगत होतं ४१०. हे फक्त माझ्याच घड्याळाचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात प्रकारची मनगटी यंत्रं साठ माणसांवर तपासली. ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सर्वांत अचूक यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. सत्तावीस टक्के चुकणारा कॅशियर आम्ही एक दिवस काउंटरवर बसू दिला नसता.

दुसरी चूक माझी. त्या २९४ मधल्या ८४ कॅलरी मी घरी पेपर वाचत बसलो असतो तरी खर्च झाल्याच असत्या, आणि त्या माझ्या १६०० च्या तक्त्यात आधीच धरलेल्या होत्या. म्हणजे चालण्याने मिळालेली जास्तीची रक्कम फक्त २१०. ढोबळ आणि निव्वळ यातला फरक मी तीस वर्षं लोकांना समजावला, आणि स्वतः ढोबळ रकमेवर जगत होतो.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, मी तक्ता करताना तुम्ही रोज तासभर चालता हे धरूनच १६०० लिहिले आहेत." म्हणजे चालणं तक्त्यात एकदा जमा, घड्याळात दुसऱ्यांदा जमा. एकाच व्हाउचरची दुबार नोंद! हे मात्र प्रत्येकाने आपापल्या तक्त्यात तपासून घ्यावं. मोबाइलमधली काही अ‍ॅप्स उलटं करतात. ती तुम्हाला दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस धरून कमी आकडा देतात आणि व्यायाम केला की त्यात भर घालतात. तिथे थोडं परत खाणं हिशोबातच बसवलेलं असतं. दोन्ही पद्धती चालतात. फक्त एका पद्धतीचा आकडा घेऊन दुसरीचा नियम लावायचा नाही.

आमच्याकडे एक नियम होता. ग्राहकाने दुसऱ्या बँकेचा चेक भरला की खात्यात नोंद दिसते, पण चेक क्लिअर होईपर्यंत त्यावर पैसे द्यायचे नाहीत. दिले आणि चेक परत आला, तर ते ऑफिसरच्या गळ्यात. असे किती चेक मी रोखले असतील, किती शिव्या खाल्ल्या असतील! आणि हा ४१० चा चेक मात्र मी रोज सकाळी साडेसातला क्लिअर न होताच वटवत होतो.

हे कॅलरीचं प्रकरण मुळात आलं कुठून, तेही शोधलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कनेटिकट राज्यात विल्बर अ‍ॅटवॉटर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी लहान खोलीएवढी एक बंद पेटी केली आणि तिच्यात माणसाला काही दिवस ठेवलं. आत जेवण, झोप, व्यायामाची सायकलसुद्धा. आत गेलेलं अन्न मोजलं, बाहेर आलेली उष्णता मोजली. दोन्ही बाजू जवळजवळ बरोबर जुळल्या. पिठाच्या आणि साखरेच्या एका ग्रॅमला चार, प्रथिनाला चार, तेलातुपाला नऊ, हे आकडे आजही आपण त्यांचेच वापरतो. वाचताना मला फार बरं वाटलं. माणसाचं शरीर म्हणजे टॅली होणारं खातं आहे!

पण मग आणखी वाचलं आणि तो आनंद थोडा उतरला. टांझानियात हाड्झा नावाची जमात आहे, अजून शिकार करून आणि कंदमुळं खणून जगणारी. ते दिवसभर पायपीट करतात. हर्मन पॉन्ट्झर या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा खर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर हाड्झा माणसाचा दिवसाचा एकूण खर्च शहरात खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला. पॉन्ट्झरचं म्हणणं असं की एका बाजूला जास्त खर्च झाला की शरीर दुसऱ्या बाजूला हात आखडतं. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण मला माझ्या घरात पुरावा मिळाला. आमची ही म्हणाली, "तुम्ही चालायला लागल्यापासून दुपारी दोन तास लोळता, आणि खाली वाण्याकडे जायचं तर लिफ्ट लागते." खरं होतं ते. सकाळी मिळवलेलं मी दुपारी सोफ्यावर भरत होतो.

तेव्हा मी निर्णय घेतला. हॉटेल बंद. तक्त्यातलं तेवढंच खायचं, चालण्याचं म्हणून वेगळं काही नाही. आणि माझ्या सवयीप्रमाणे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं : "चाललेलं परत खायचं नाही." हिशोब असा की रोज २१० वाचले तर महिन्याला ६३००. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, म्हणजे महिन्याला आठशे ग्रॅम. हा ७७०० चा आकडा मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरने १९५८ साली मांडलेल्या गणितातून येतो. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, कारण वजन कमी झालं की शरीराची गरजही कमी होते. माझं तीन महिन्यांत दोन किलो उतरलं. तरी मी खूश होतो.

खूश झालेला माणूस हुशारी करतो. दोन किलोवर काटा अडकला तसा मी जास्तीचा हप्ता भरायचं ठरवलं. सपाटीऐवजी वेताळ टेकडी. एका तासाऐवजी दीड तास. आणि नाश्ता आठऐवजी अकराला. सकाळची गोळी मात्र सवयीने सहा वाजता पाण्याबरोबर घेऊन निघायचो. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नसेल.

पाचव्या दिवशी टेकडी उतरून परत येताना घाम फुटला. ऊन नव्हतं, डिसेंबर होता. हात थरथरायला लागले. मला वाटलं दमलो. आपल्या गेटशी आलो तेव्हा वॉचमनने नमस्कार केला आणि मी त्याला म्हणे बँकेतल्या आमच्या जुन्या शिपायाच्या नावाने हाक मारून चाव्या मागितल्या. हे मला आठवत नाही, त्याने नंतर सांगितलं. आठवतं ते एवढंच की गेट लांब लांब जात होतं.

वॉचमनने खुर्चीत बसवलं. सी विंगमधल्या डॉक्टरीणबाई त्याच वेळी मुलाला शाळेच्या बसवर सोडायला आल्या होत्या. त्यांनी बोटातून रक्त घेऊन मशीनवर पाहिलं तर साखर ५४. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो. नशिबाने मी शुद्धीवर होतो, गिळता येत होतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटं थांबून परत तपासलं, तर ८२. मग कुणाच्या तरी डब्यातली पोळीभाजी आली, ती खायला लावली. त्या पोळीची चव मी विसरणार नाही. कुणाची होती ते अजून कळलेलं नाही. ज्यांची असेल त्यांनी भाषण झाल्यावर भेटावं.

नंतर डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम चालणं थांबल्यावरही काही तास टिकतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. एका बाजूने स्नायू ओढतायत, दुसऱ्या बाजूने गोळी ढकलतेय आणि खात्यात भरणा शून्य. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तसंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. म्हणजे "परत खायचं का" या प्रश्नात खरं म्हणजे दोन प्रश्न आहेत. एक वजनाचा, दुसरा त्या घटकेला रक्तात किती शिल्लक आहे याचा. वजनाचा हिशोब आठवड्याने केला तरी चालतो, रक्ताला तेवढी उसंत नसते.

मी लगेच दुसऱ्या टोकाला जायच्या तयारीत होतो. म्हटलं, मग आता रोज चालायच्या आधी दोन केळी आणि नंतर शिरा! माझ्या डॉक्टरांनी तेही थांबवलं. ते म्हणाले, "वजन उतरतंय, चालणं वाढलंय, म्हणजे तुम्हाला एवढी गोळी आता लागत नाही. गोळीला पुरवण्यासाठी खात राहायचं की गोळी कमी करायची?" त्यांनी डोस निम्मा केला आणि गोळी नाश्त्याबरोबरच घ्यायला सांगितली. हे त्यांनी केलं, मी नाही. कुणीही माझं ऐकून स्वतःची गोळी अर्धी तोडू नये. पण नव्याने चालायला लागलेल्या मधुमेही माणसाने डॉक्टरांना "मी चालायला लागलोय, खाणं कमी केलंय" एवढं तरी सांगावं. मी ते सांगितलं नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज एवढा वेळ घेतला नसता. माझ्यापुरतं मी दुरुस्त केलं. फ्रिजवरचा कागद मात्र तसाच राहिला.

माझी नात तेव्हा पंधरा वर्षांची. धावते. आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी दोन-दोन तास मैदानावर. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन हे सांगतो आहे. तिची आई तर म्हणाली, "बाबा, नीट सगळं सांगा, लाजून गाळू नका." प्रॅक्टिसहून आली की पूर्वी ती दार उघडताच "आजी, भूक" म्हणायची. पोळीचा लाडू, दूध, कधी अंड्याची पोळी. ते हळूहळू बंद झालं. आम्हाला वाटलं, मोठी झाली. ती रोज फ्रिज उघडायची आणि रोज तो कागद वाचायची. आजोबांचं वजन उतरलं म्हणून घरात सगळे कौतुक करतायत, हेही ऐकायची. हलकं झालं की वेग वाढेल असं कुणीतरी मैदानावरही बोललं असणार.

तीन-चार महिन्यांत तिची वेळ सुधारायची थांबली. चिडचिड वाढली, केस गळायला लागले. मग नडगी दुखायला लागली, आणि तेव्हा तिने आईला सांगितलं की तीन महिने पाळी आलेली नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. नडगीच्या हाडावर ताण आला होता, आणखी थोडी धावली असती तर तडा गेला असता. सहा आठवडे धावणं बंद. त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की खेळाडूने जेवढं जाळलं तेवढं खाल्लं नाही तर शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. आधी पाळी, मग हाडं, मग प्रतिकारशक्ती. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव दिलं आणि मुलांमध्येही हे होतं असं सांगितलं. वाढत्या वयात हाडांमध्ये जे भरलं जातं त्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं. ते म्हणाले, "हिने व्यायामाचं परत खाल्लंच पाहिजे, आणि मोजूनमापून नाही, पोटभर."

मी त्या खोलीत खाली बघत बसलो होतो. घरी आल्यावर कागद काढला. चिकटपट्टीचा डाग अजून फ्रिजवर आहे. ही म्हणते घासून जाईल, मी म्हटलं असू दे. नात आता बरी आहे, धावते आहे, आणि परवाच माझ्या ताटातली शेंगदाण्याची चिक्की उचलून पळाली.

तेव्हा बाकावरच्या दोन्ही पक्षांना माझं सांगणं असं की तुम्ही भांडताय ते एका नियमासाठी, आणि इथे एक नियम नाही. माझ्यासारखा माणूस, वजन जास्त, वय जास्त, सपाटीवर तासभर चालणारा, त्याने चालण्याचं म्हणून वेगळं काही खाऊ नये. ते दोनशे तसेच राहू द्यावेत, त्यांच्यासाठीच तर आपण चालतो. आठवा, एक वडापाव तीनशेच्या आसपास जातो.

पण सिंहगडाची गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी नातवंडांबरोबर मी आतकरवाडीच्या वाटेने गड चढलो, सात वेळा बसून, डॉक्टरांना विचारून, खिशात साखर घेऊन. चढण-उतरण मिळून सातशे-आठशे निव्वळ कॅलरी गेल्या असतील. त्या दिवशी वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं आणि अजिबात अपराधी वाटलं नाही. एवढ्या खर्चाच्या दिवशी निम्मं-शिम्मं परत भरलंच पाहिजे. नाहीतर रात्री भुकेने माणूस फ्रिजसमोर उभा राहतो आणि दुप्पट वसूल करतो. आता तिथेही कांदाभजीच्या दोन प्लेट झाल्या तर माणूस गड उतरतो पण हिशोब चढतो, ते आपलं आपण पाहावं.

आमच्या वयाच्या लोकांना आणखी एक. वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी उतरत नाही, स्नायूही उतरतात. आणि म्हाताऱ्या माणसाचे गेलेले स्नायू सहजासहजी परत येत नाहीत. म्हणून मी परत खात नसलो तरी जे खातो ते बदललं. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, किंवा दोन अंडी. दुपारी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ नक्की. आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. याच्या कॅलरी किती होतात ते मी मोजलेलं नाही, घड्याळ मुलाला परत पाठवलं. आजचं वजन साडेसत्याहत्तर. दोन वर्षांत आठ किलो. फार हळू आहे हे मला मान्य आहे. बाकावर कुणीतरी तीन महिन्यांत बारा किलो उतरवल्याचं सांगतं, त्यांचं अभिनंदन.

शेवटी एक सोसायटीचं काम. वॉचमनच्या केबिनमध्ये, व्हिजिटर रजिस्टरच्या खालच्या खणात, एक स्टीलचा डबा ठेवला आहे. त्यात साखर, चमचा, पाण्याची बाटली आणि ग्लुकोमीटर आहे. दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना डॉक्टरीणबाईंनी शिकवलं आहे. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तरच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि सी विंगची बेल वाजवायची. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आपलं नाव आणि घरचा फोन नंबर डब्यातल्या वहीत लिहून ठेवावा. आत्तापर्यंत अकरा नावं आली आहेत. माझ्या अंदाजाने तीस तरी हवीत. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत मार्चमध्ये संपते. या वर्षीच्या पट्ट्या माझ्याकडून. पुढच्या वर्षापासून तो खर्च कमिटीने किरकोळ खर्चात मंजूर करावा असा ठराव मी वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.